उसन्या कातडीचा कारागीर

नाक कापले जाणे हा आज आपल्याकडे वाक्प्रचार आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी ती खरोखरीची शिक्षा होती. इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्यातले तिसरे युद्ध १७९२ मध्ये संपले. त्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पत्रा त्याने आधी उरलेल्या नाकावर बसवून पाहिला. हवा तो आकार आल्यावर मेण सपाट करून कपाळावर ठेवले, भोवती रेघ मारली आणि तेवढीच कातडी सोलली. भुवयांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र जोडलेली ठेवून ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. त्या पट्टीतून रक्त येत राहिले म्हणून कातडी जगली. कंपनी सरकारच्या डॉक्टरांनी हे पाहिले, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका मासिकात सगळा वृत्तांत छापून आला. त्या कारागिराचे नाव मात्र त्यात नाही.

तो वृत्तांत वाचून कार्प्यू नावाच्या लंडनच्या सर्जनने १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि पुण्याची ही रीत युरोपभर पसरली. पुढे शंभर वर्षांनी ती एका न्यूझीलंडच्या माणसाच्या हातात आली. त्याने तिच्यात इतकी भर घातली, की आजच्या प्लास्टिक सर्जरीचा तो जनक मानला जातो. त्याचे नाव सर हॅरॉल्ड गिलीज. साताऱ्या-सांगलीची एखादी बाई कॅन्सरने गेलेला स्तन पुन्हा घडवून घ्यायला आज मिरजेला, कऱ्हाडला, पुण्याला किंवा मुंबईला जाते, तेव्हा तिच्या डॉक्टरांपुढे जे दोन प्रश्न असतात ते कावसजीच्या कारागिरापुढेही होते आणि गिलीज यांच्यापुढेही होते. कातडी आणायची कुठून, आणि माप ठरवायचे कसे.

गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन या गावी झाला. आठ भावंडांत ते धाकटे. वडील तिथल्या संसदेचे सभासद होते, पण मुलगा चार वर्षांचा असतानाच ते वारले. पुढे मुलगा डॉक्टर व्हायला इंग्लंडला केंब्रिजमध्ये गेला. तिथे अभ्यासापेक्षा खेळात त्याचे नाव अधिक झाले. १९०४ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीत त्याने वल्ही मारली. गोल्फमध्ये तर तो पट्टीचा खेळाडू. स्वभाव खोडकर, थट्टेखोर, आणि हाताची बोटे विलक्षण तरबेज. लंडनमध्ये कान-नाक-घशाचा सर्जन म्हणून त्याचा जम बसत होता. महायुद्ध झाले नसते तर श्रीमंत गवयांचे घसे तपासण्यात आणि गोल्फ खेळण्यात त्याचे आयुष्य सुखाने गेले असते.

१९१४ मध्ये युद्ध पेटले. १९१५ मध्ये गिलीज रेडक्रॉसमार्फत फ्रान्सला गेले. हे युद्ध खंदकांतले होते. सैनिकाचे अंग जमिनीखाली आणि डोके वर, त्यामुळे तोफगोळ्यांचे तुकडे चेहऱ्यावर यायचे. जबडा गेलेली, नाक गेलेली, गाल उडालेली तरणी मुले इस्पितळांत येऊ लागली. त्यांचे प्राण वाचत होते, पण त्या चेहऱ्यांचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. पॅरिसमध्ये मोरेस्टँ नावाच्या नामांकित सर्जनला गिलीज यांनी शस्त्रक्रिया करताना पाहिले. त्याने एका रोग्याच्या चेहऱ्यावरची कॅन्सरची गाठ काढली आणि झालेला खड्डा शेजारचीच कातडी वळवून झाकला. आधी काढायचे आणि मग तिथे काहीतरी परत द्यायचे, हे दोन्ही एकाच सर्जनचे काम असू शकते, हे त्यांनी तिथे पाहिले. त्यानंतर त्यांनी दुसरे काही करायचे मनात आणले नाही.

१९१६ च्या आरंभी ब्रिटिश लष्कराने त्यांना ऑल्डरशॉटच्या इस्पितळात वॉर्ड दिला. चेहऱ्याचे जखमी आपल्याकडेच यावेत म्हणून त्यांनी एक युक्ती केली. स्वतःच्या खिशातले दहा पौंड खर्चून आपल्या पत्त्याची लेबले आणली आणि जखमींच्या अंगावर लावण्यासाठी ती आघाडीवर पाठवून दिली. त्या जुलैत सोमची लढाई सुरू झाली. दोनशे जखमींची तयारी होती, दोन हजारांच्या आसपास आले. १९१७ मध्ये सिडकप या गावी खास या कामासाठी मोठे इस्पितळ उभे राहिले. पुढच्या काही वर्षांत तिथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. वॉर्डांतून आरसे ठेवलेले नसत. गावात काही बाकांना निळा रंग दिला होता. त्या बाकांवर हे सैनिक बसत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला आधीच कळावे आणि त्याने दचकू नये. हेन्री टाँक्स हा सर्जन असलेला चित्रकार त्यांतल्या काही जणांची चित्रे काढी, आधीची आणि नंतरची.

गिलीज यांच्यापुढची खरी अडचण कातडीची होती. कातडी कापडासारखी ठाणातून फाडून घेता येत नाही. ती रक्तावर जगते. पातळ पापुद्रा काढून लावला तर तो धरतो, पण आकसतो, आणि त्याला जाडी नसते. जाड तुकडा हवा तर त्याचे एक टोक शरीराला जोडलेलेच ठेवावे लागते, कावसजीच्या कपाळासारखे. जोडलेली ती पट्टी उघडी राहिली की सडते, आणि प्रतिजैविके तर अजून आलेली नव्हती. ३ ऑक्टोबर १९१७ रोजी जटलंडच्या आरमारी लढाईत भाजलेल्या विकरेज या खलाशावर शस्त्रक्रिया करताना गिलीज यांच्या लक्षात आले, की छातीवरून उचललेल्या पट्टीच्या कडा आपोआप आत वळताहेत. त्यांनी त्या कडा एकमेकींना शिवून टाकल्या. पट्टीची नळी झाली. आतला भाग झाकला गेला, रक्त वाहत राहिले, सडण्याची भीती गेली. आता पोटाची किंवा छातीची कातडी टप्प्याटप्प्याने दूरवर नेता येऊ लागली. त्याच सुमारास रशियात आणि जर्मनीतही दोघांना हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती. ती हजारो वेळा वापरून शास्त्र म्हणून उभी केली गिलीज यांनी.

यश मिळाले की हाव सुटते. लम्ली नावाच्या तरुण वैमानिकाचा सगळा चेहरा विमान कोसळून जळाला होता. गिलीज यांनी त्याच्या छातीवरून पूर्ण चेहऱ्याच्या मापाची कातडी एकदम उचलून वर बसवली. एवढ्या मोठ्या तुकड्याला रक्त पुरले नाही. कातडी काळी पडली, आणि १९१८ च्या मार्चमध्ये तो मुलगा दगावला. गिलीज यांनी ही गोष्ट लपवली नाही. उलट तिच्यातून आपल्या शाखेचा पहिला नियम केला. जे उद्यावर टाकणे शक्य आहे ते आज करायचे नाही. मोठे माप एका दमात मागितले तर शरीर सगळेच परत घेते. हप्त्याहप्त्याने मागितले तर देते. त्यांचा दुसरा नियम, आधी नमुना कापायचा आणि मगच कातडीला हात लावायचा. पुण्याच्या कारागिराचे मेण ते हेच.

युद्ध संपल्यावर या कौशल्याचे काय करायचे, असा प्रश्न होता. वैद्यक क्षेत्रातल्या प्रतिष्ठितांना हा प्रकार अजून नट्यांच्या नखऱ्याचा वाटत होता. सर ही पदवी मिळायला १९३० साल उजाडले. तोवर भाजलेली मुले, दुभंगलेले ओठ, कारखान्यांत चिरडलेले हात यांच्याबरोबरच बायकाही त्यांच्याकडे येऊ लागल्या होत्या.

कॅन्सर झालेला स्तन काढण्याची शस्त्रक्रिया तेव्हा अमेरिकन सर्जन हॉल्स्टेड यांच्या पद्धतीने होत असे. १८९४ मध्ये त्यांनी ती जगापुढे मांडली आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षे तीच चालली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी असे सगळे काढायचे. बाई वाचली तर बरगड्यांवर ताणून बसवलेली कातडी घेऊन घरी जायची. त्या जागी काही पुन्हा घडवावे हे हॉल्स्टेड यांना मान्य नव्हते. नव्या मांसाखाली रोग पुन्हा लपेल, ही भीती. त्यांच्या मांडणीनंतर वर्षभरातच, १८९५ मध्ये, जर्मनीत चेर्नी यांनी एका गायिकेचा काढलेला स्तन भरून काढायला तिच्याच कमरेवरची चरबीची गाठ छातीत बसवली होती. पण असे अपवाद अपवादच राहिले.

गिलीज यांनी सिडकपची नळी इथे आणली. पोटावरची कातडी आणि चरबी यांची नळी करायची, तिचे एक टोक छातीकडे न्यायचे, ते धरले की दुसरे सोडवायचे, आणि मग उलगडून तिला आकार द्यायचा. यात अनेक शस्त्रक्रिया होत, महिनोन्‌महिने जात, पोटावर आणखी व्रण येत. तरीही बायका तयार होत. १९३९ मध्ये गिलीज आणि त्यांचे नातलग व शिष्य मॅकइंडो यांनी याच्या उलट बाजूवरही एक निबंध लिहिला. फार मोठ्या स्तनांच्या ओझ्याने ज्यांचे खांदे आणि पाठ धरते, त्यांचे स्तन लहान कसे करावेत. वाढवणे आणि घटवणे या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. दोन्हीकडून गाठायचे ते एकच, त्या व्यक्तीला आपले वाटेल असे शरीर. पुढे, समाजाची नाराजी ओढवण्याची भीती असतानाही, देह एका लिंगाचा आणि मन दुसऱ्या लिंगाचे असलेल्या माणसांच्या शस्त्रक्रियाही त्यांनी हाती घेतल्या. त्यांतला एक, मायकेल डिलन, पुढे भारतात येऊन बौद्ध भिक्षू झाला आणि १९६२ मध्ये डलहौसीला वारला.

आपल्याकडे हा विषय बोलण्यातच येत नसे. बँकेच्या नोकरीत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या शाखांत माझ्या बदल्या झाल्या. मुदतठेव मुदतीआधी मोडायची तर कारण विचारले जाई. शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे असले तर पुरुष हर्निया, मूतखडा असे स्पष्ट लिहीत. काही बायकांच्या अर्जांवर मात्र घरगुती अडचण एवढेच असे. चार-सहा महिन्यांनी त्याच बाई पासबुक भरून घ्यायला येत तेव्हा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला दिसे. ब्लाउजच्या आत कापसाची किंवा जुन्या कापडाची घडी शिवून घेतलेली असायची, हे नंतर घरातल्या बायकांच्या बोलण्यातून कळले. ते काम ओळखीची शिंपीण गुपचूप करून द्यायची. जीव वाचला आहे ना, मग आणखी काय हवे, असे घरचे म्हणत, आणि बाईही तेच म्हणत असे.

१९५७ मध्ये गिलीज यांचा राल्फ मिलार्ड यांच्यासह लिहिलेला मोठा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी अमेरिकेत न्यूमन नावाच्या सर्जनने एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. कान तुटलेल्या माणसाच्या कानामागच्या कातडीखाली त्याने रबरी फुगा ठेवला आणि तो हळूहळू फुगवला. वरची कातडी वाढली, आणि त्या वाढीव कातडीने कान झाकता आला. दुसरीकडून कातडी उसनी आणायची गरजच पडली नाही. या प्रयोगाकडे जवळजवळ वीस वर्षे कोणी पाहिले नाही. १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या राडोव्हान यांनी सिलिकॉनची पिशवी वापरून तो पुन्हा मांडला. हाच टिश्यू एक्स्पांडर.

यात नवल वाटायचे कारण नाही. गरोदर बाईचे पोट नऊ महिन्यांत हेच करते. कातडीवर सावकाश ताण आला की ती नुसती ताणली जात नाही, नव्या पेशी तयार होऊन खरोखर वाढते. स्तन काढल्यावर छातीच्या कातडीखाली किंवा स्नायूखाली रिकामी पिशवी ठेवतात. जखम भरली, म्हणजे साधारण दोन-तीन आठवडे झाले, की तिच्या झडपेत बाहेरून सुई घालून मिठाचे निर्जंतुक पाणी भरतात. एका वेळी बहुधा पन्नास-साठ मिलिलिटर, दर आठवड्या-पंधरवड्याला. बँकेतली आवर्ती ठेव चालते तसेच हे चालते. रक्कम लहान, पण हप्ता चुकवायचा नाही. प्रत्येक हप्त्यानंतर एक-दोन दिवस छाती आवळल्यासारखी वाटते. काही महिन्यांनी पुरेशी कातडी झाली की दुसरी शस्त्रक्रिया होते. पिशवी काढून तिथे कायमचे इम्प्लांट बसवतात किंवा पोटाचे, पाठीचे मांस आणतात. जत किंवा म्हसवडहून येणाऱ्या बाईला यात किती एसटीच्या फेऱ्या आहेत, हेही आधीच मोजायला हवे. झडपेत लोहचुंबक असला तर मधल्या काळात एमआरआय करता येत नाही. ती नोंद फाइलमध्ये हवीच.

आणि माप? शिंप्याकडे जाताना बाई मापाचा ब्लाउज देते. इथे तसा देता येत नाही, आणि बहुतेक निराशा इथेच होतात. किती मिलिलिटर पाणी भरले यावरून ब्राचे माप निघत नाही. कंपनीगणिक मापे वेगळी असतात, आणि पन्नास मिलिलिटर रुंद छातीवर वेगळे दिसते, अरुंद छातीवर वेगळे. स्तन किती मोठा होईल हे मुख्यतः छातीची रुंदी, कातडीची जाडी आणि रेडिएशन दिले आहे की नाही यावर ठरते. रेडिएशन घेतलेली कातडी वाढायला नाखूश असते, आणि इम्प्लांटभोवती कडकपणा येण्याचा संभव वाढतो. मिश्री आणि तंबाखू यांमुळेही कातडीचे रक्त कमी होते. आपल्या भागात हे स्पष्ट विचारले आणि सांगितले गेले पाहिजे.

भरलेला एक्स्पांडर वर चढलेला, कडक आणि गोल दिसतो. त्याला पाहून काही जणी घाबरतात, काही जणी हेच कायमचे समजतात. दोन्ही चूक. अंतिम इम्प्लांट त्याहून मऊ असते. पण तेही मूळ स्तन नव्हे. त्याला पूर्वीची संवेदना बहुधा येत नाही. वयाबरोबर ते दुसऱ्यासारखे ओघळत नाही, वजन वाढले तरी वाढत नाही, आणि जन्मभर टिकेलच असेही नाही. दोन्ही बाजू जुळवायच्या तर कधी चांगल्या बाजूलाही उचलावे किंवा कमी करावे लागते. गिलीज आणि मॅकइंडो यांचा १९३९ चा निबंध इथे कामाला येतो. मूळच्यापेक्षा मोठे माप मागितले तर पातळ कातडीवर भार पडतो. लम्लीची गोष्ट अशा वेळी आठवावी.

एक्स्पांडरचा एक फायदा मात्र कपाळाच्या कातडीला किंवा पोटाच्या नळीला नव्हता. माप हळूहळू वाढते, त्यामुळे बाईला मध्येच थांबून पाहता येते. ब्लाउज घालून, साडी नेसून, आरशासमोर उभे राहून आता पुरे म्हणता येते. हे पुरे तिनेच म्हणायचे. तपासणीच्या खोलीत नवरा, सासू, मुलगा सगळे बोलत असतात आणि ती टेबलावर गप्प असते, हे दृश्य पुष्कळ डॉक्टरांच्या ओळखीचे आहे. आणि काहीच घडवून न घेता, सपाट शिवण ठेवून, हवा तेव्हा ब्रामध्ये सिलिकॉनचा किंवा विणलेला कापडी स्तन ठेवायचा, हाही एक पुरा निर्णय आहे. त्यातही कमीपणा नाही.

दुसऱ्या महायुद्धात गिलीज यांनी बेझिंगस्टोकजवळ पुन्हा तसेच इस्पितळ चालवले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत हुबळीत जन्मलेले डॉ. नोशीर अँटिया होते. मायदेशी परतल्यावर अँटिया पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि रोगाने बसलेली नाके पुन्हा उभी करू लागले. कावसजीचे नाक लंडनला गेले होते, त्याची विद्या अशी दीडशेहून अधिक वर्षांनी पुण्याला परत आली.

गिलीज यांनी आयुष्यभर भरपूर कमावले आणि तसेच खर्चले. मागे फार मोठी माया उरली नाही. १९६० च्या ऑगस्टमध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एका अठरा वर्षांच्या मुलीचा जखमी पाय दुरुस्त करत असताना त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. १० सप्टेंबरला ते वारले. राडोव्हान यांची पिशवी त्यांनी पाहिली नाही. पाहिली असती तर त्यांनी पहिला प्रश्न बहुधा हाच विचारला असता, की हिच्यासाठी नमुना कोणी कापला आणि तो बाईला दाखवला का. आपल्या घरातल्या कुणावर ही वेळ आली, तर पिशवी बसण्यापूर्वीच्या भेटीत हा प्रश्न कागदावर लिहून न्यावा. आणि तो वाचून दाखवायचे काम तिच्याकडेच द्यावे.